‘तिला पैसे मिळतात म्हणून ती गोड बोलते’: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली पाच पत्रं एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकावर ढकलली आणि ही एकत्र घेतली. विषय असा की ज्या मुलांनी मोठ्यांच्या हातून मार, उपासमार, नको ते स्पर्श, रोजचा अपमान असलं काही सोसलंय ती थेरपीला येतात, आणि तिथे कोणीतरी त्यांच्याशी नीट वागतं, तेव्हा त्या नीट वागण्याचा अर्थ ती कसा लावतात. पत्रं थोडी छोटी केलीत, ओळख पटेल असं सगळं काढलंय. मुलांची थेरपिस्ट म्हणून माझ्या कामातली उदाहरणं पण कुठल्या एका मुलाची नाहीत, बऱ्याच मुलांची मिसळून केलेली आहेत.

प्रश्न : माझ्या बहिणीची मुलगी ९ वर्षांची आहे, दीड वर्षापासून माझ्याकडे राहते. तिच्या घरी तिला खूप मारायचे, कोंडून ठेवायचे. चार महिने झाले मी तिला थेरपीला नेते. जाताना खुशीत असते पण परत आली की दारं आपटते, माझ्याशी बोलत नाही. परवा म्हणाली, ‘त्या ताईला पैसे मिळतात म्हणून ती गोड बोलते, आणि तू मला ठेवलंयस कारण मी तुझ्या बहिणीची मुलगी आहे.’ मला ते फार लागलं. थेरपीने उलटंच होतंय का? बंद करू का?

नाही, बंद करू नका. लागलं असेल हे समजतं मला, दीड वर्ष जीव लावायचा आणि हे ऐकायचं. पण ती जे बोलली ना ते चार महिन्यांतलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे असं मी म्हणेन, कारण तिने मनात ठेवलं नाही, तोंडावर विचारलं. ‘मी जी आहे ती आहे म्हणून मी तुम्हाला हवी आहे, की दुसऱ्या कशासाठी’ एवढाच प्रश्न आहे तो, फक्त प्रश्नचिन्ह न लावता विचारलेला.

मार खाऊन वाढलेल्या मुलांचा अनुभव असा असतो की मोठं माणूस फुकट काही देत नाही, आज गोड बोलतोय म्हणजे उद्या काहीतरी वसूल करणार. त्यामुळे प्रेमाने वागणारं माणूस भेटलं की ती खूश होतात असं आपल्याला वाटतं पण खरं तर आधी सावध होतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सेथ पोलाक यांनी याच्या जवळचा एक प्रयोग केला होता, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना धूसर चेहरे दाखवायचे, ते हळूहळू स्पष्ट होत जायचे आणि मुलांनी सांगायचं की या चेहऱ्यावर काय आहे. ज्या मुलांनी मार खाल्लेला होता त्यांना राग बाकीच्यांपेक्षा लवकर ओळखू आला, चेहरा अजून नीट दिसत नसतानाच. मला यात दोष दिसत नाही, ते त्यांचं शिक्षण आहे, राग आधी दिसला तर एखादा फटका चुकवता येतो. माया ओळखायचा सराव मात्र या मुलांना कोणी दिलेला नसतो, ती समोर आली तरी पटकन वाचता येत नाही.

आणि आपला शब्दच बघा ना, काळजी. ‘तुझी काळजी वाटते म्हणूनच मारलं’ हे वाक्य किती मुलांनी मार खाऊन झाल्यावर ऐकलेलं असतं. ‘लक्ष ठेवणं’ पण तसंच, कोणाला त्यात आधार वाटतो, आणि ज्या मुलाच्या प्रत्येक हालचालीवर शिक्षेसाठी लक्ष ठेवलं गेलं त्याला धडकी भरते. म्हणून शब्द या मुलांच्या कामाचेच नसतात. आपण कितीही वेळा म्हटलं की आम्हाला तुझी काळजी आहे तरी ती ऐकून सोडून देतात, आणि भलत्याच बारीक गोष्टी बघत बसतात. ताई वेळेवर आली का, खुर्ची मागच्या वेळी होती तिथेच आहे का, मी मागच्या सेशनला जे सांगितलं ते तिच्या लक्षात आहे का, आणि मी तिला सांगितलेलं बाहेर फुटलं तर नाही ना.

एक मुलगा होता साधारण तुमच्या भाचीच्याच वयाचा. खोलीत आला की पहिले दोन महिने तो माझ्याकडे बघायचाच नाही, सरळ कपाटाकडे जायचा. तिथे त्याच्या नावाची पुठ्ठ्याची पेटी होती, त्यात त्याची चित्रं. झाकण काढायचा, चित्रं मोजायचा, चार, झाकण लावायचा, मग खाली बसायचा. एकदा मला एका चित्राचा कोपरा दुमडलेला दिसला म्हणून तो यायच्या आधी मी सरळ करून ठेवला. त्याने पेटी उघडली आणि लगेच विचारलं, ‘कोणी हात लावला?’ मी म्हटलं मी लावला, कोपरा दुमडला होता, पण तुला विचारायला हवं होतं, चुकलं माझं. तो कितीतरी वेळ झाकणावर बोट फिरवत बसला आणि मग म्हणाला, पाचवं काढू का. दोन महिन्यांत मी त्याच्याशी जे काही गोड बोलले असेन त्याने जे झालं नाही ते ‘चुकलं माझं’ने झालं, कारण मोठं माणूस चूक कबूल करतं आणि तरी आकाश कोसळत नाही हे त्याने बहुतेक पहिल्यांदा पाहिलं.

आता तिच्या वाक्याचं काय करायचं. खोटं सांगू नका एवढं नक्की. ‘छे, पैशांचा काय संबंध’ असं म्हणालात तर संपलं, कारण तिला माहितीये की तुम्ही पैसे देता. मला मुलं हे विचारतात तेव्हा मी सांगते की हो, या कामाचे मला पैसे मिळतात, त्यातून माझं घर चालतं, पण तुझ्याबद्दल मला काय वाटावं याचे कोणी देत नाही, ते माझं मला वाटतं. पटतं का लगेच? नाही पटत. दोन महिन्यांनी परत विचारतात, मी परत तेच सांगते. तुम्ही पण तसंच सांगा, की हो, तू माझ्या बहिणीची आहेस म्हणून तू माझ्या घरी आलीस हे खरं आहे, पण दीड वर्षात मला तू कळलीस, आणि मग तिच्याबद्दलच्या दोन तीन अगदी बारीक गोष्टी सांगा ज्या फक्त तिच्याच आहेत. झोपताना ती कुठल्या कुशीवर झोपते, कुठल्या गोष्टीला खुदकन हसते असलं काहीतरी.

दारं आपटण्याचं म्हणाल तर, पाय बधिर झाला असेल आणि त्यात रक्त परत यायला लागलं की आधी मुंग्या येतात, दुखतं, बधिर होता तोच बरा होता असं वाटतं. तिथे तासभर कोणीतरी तिचं नीट ऐकून घेतं, आणि मग तिला नव्याने कळतं की इतकी वर्षं हे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही. तो राग कुठेतरी निघणारच, आणि तो तुमच्यावर निघतो कारण तुम्ही तिला परत मारणार नाही अशी तिची हळूहळू खात्री होत चालली आहे. सेशननंतरचा अर्धा पाऊण तास तिला काही विचारू नका, ‘काय झालं आज’ तर अजिबात नको. आणि घरी काय चाललंय ते थेरपिस्टला जरूर सांगा, पण भाचीला सांगून, तिच्या पाठीमागे नाही.

प्रश्न : मी समुपदेशक म्हणून गेल्या वर्षीच काम सुरू केलं. ११ वर्षांचा एक मुलगा सहा महिने येतोय, बालपणी खूप छळ झालेला आहे. दर वेळी जाताना खोलीतलं काहीतरी छोटं खिशात घालून नेतो. मागच्या आठवड्यात मी सांगितलं की मी दोन आठवडे सुट्टीवर आहे, तर त्याने टेबलाला लाथ मारली, स्वतःचंच चित्र फाडलं आणि म्हणाला ‘मरा तुम्ही’. मला त्या क्षणी त्याचा खरंच राग आला आणि त्याची लाज वाटते. मी कमी पडतेय का?

राग आला हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी यावर १९४७ मध्ये एक निबंध वाचला होता, तो दोन वर्षांनी छापून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ९ वर्षांचा एक सतत पळून जाणारा मुलगा त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने तीन महिने स्वतःच्या घरी ठेवला होता, आणि ते तीन महिने नरकासारखे गेले असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय. मुलगा अनावर झाला की ते त्याला घराच्या दाराबाहेर ठेवायचे, आणि दाराला एक घंटी होती. ती त्याने वाजवली की दार उघडणार, तो आत येणार आणि झाल्या गोष्टीबद्दल कोणी अवाक्षर काढणार नाही, हे त्याला माहीत होतं. आज मी कुठल्याही मुलाला दाराबाहेर ठेवा असं सांगणार नाही, जी मुलं टाकून दिली जाण्याच्या भीतीत जगतात त्यांच्याशी तर नाहीच नाही. पण ती घंटी माझ्या डोक्यातून जात नाही. आणि त्याच निबंधात ते म्हणतात की अशा मुलाचा राग येतो, तिरस्कार सुद्धा येतो, आणि तो स्वतःशी कबूल केला नाही तर तो भलत्या वाटेने मुलापर्यंत पोचतो. तेव्हा लाज सोडा आणि सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टशी आपल्या कामाबद्दल बोलायची जी भेट असते तिथे, हे आहे तसं बोला. तुमच्या सुपरव्हायजरने ‘हे असं वाटायला नको होतं’ एवढंच सांगितलं तर दुसरा कोणी सुपरव्हायजर शोधा, हे मी जबाबदारीने म्हणतेय.

सुट्टीचं ऐकून जे झालं ते तुम्ही कमी पडल्याचं लक्षण नाहीये. ज्याला तुमचं काही वाटत नाही तो तुमच्या सुट्टीवर टेबलाला लाथ मारत नाही. त्याचा हिशोब सरळ आहे, जवळचं माणूस जातंय म्हणजे ते परत येत नाही, मग ते जायच्या आधी मीच त्याला मारून टाकतो, चित्र पण मीच फाडतो, म्हणजे निदान झालं ते माझ्या हाताने झालं. तुम्ही परत आल्यावर जिवंत असणं, त्याच्यावर न चिडता त्याच वेळी त्याच खोलीत बसलेलं असणं, हेच त्याला तुमचं उत्तर असेल. फाडलेलं चित्र टाकलं नाहीत ना? टाकलं नसेल तर तुकडे त्याच्या पेटीत ठेवा. चिकटवू मात्र नका, ते चिकटवायचं की नाही हे त्याने ठरवायचं. जायच्या आधी एखादं सेशन असेल तर साधा कागद घेऊन दिवसांच्या चौकटी काढा, परत भेटायच्या दिवसावर त्यालाच खूण करू द्या आणि कागद त्याला घरी न्यायला द्या.

खिशात घालण्याबद्दल. याला चोरी म्हणून हाताळू नका पण डोळेझाक पण नको, डोळेझाक केलीत तर त्याचा अर्थ तो असाच लावेल की यांना काही दिसत नाही किंवा यांना फरक पडत नाही. मी शांतपणे म्हणते, इथल्या वस्तू इथे राहतात म्हणजे पुढच्या वेळी त्या तुला इथेच सापडतील, पण मला वाटतं इथलं काहीतरी तुझ्याजवळ असावं असं तुला वाटतंय, तर तसं काहीतरी आपण ठरवू. मग एक गुळगुळीत दगड, एक बटण, काहीही दिलेलं न्यायचं आणि पुढच्या वेळी आणायचं. या मुलांना मर्यादा म्हणजे शिक्षा एवढंच माहीत असतं. मर्यादा घातली आणि मार पडला नाही, आवाज चढला नाही, उलट सोय झाली, असं दहा पंधरा वेळा झालं की मग कुठे त्यांना मर्यादेत पण माया असू शकते याचा अंदाज येतो.

आणि हो, चुका होतील तुमच्या. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग तुम्ही शिकला असाल, आई थोडा वेळ चेहरा दगडासारखा ठेवते आणि बाळ तिला परत आणायला किती धडपडतं. त्याच संशोधनातून पुढे आलेलं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, की सगळं ठीक असलेल्या आई-बाळांचं सुद्धा आपसात बराच वेळ जुळत नसतं, तुटतं आणि परत जुळवलं जातं, आणि त्या परत जुळवण्यातूनच बाळाचा भरवसा तयार होतो. तुमच्या या मुलाला तुटलेलं भरपूर माहितीये. जुळलेलं कमी पाहिलंय त्याने.

प्रश्न : आम्ही दत्तक घेतलेला मुलगा ६ वर्षांचा आहे, आधीच्या घरी अत्याचार झालेत. तीन महिने थेरपी चालू आहे पण तिथे नुसते खेळतात. झालेल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. आणि आत काय चालतं ते थेरपिस्ट मला सांगत पण नाहीत. वडील म्हणून मला कळायला नको का?

सहा वर्षांचं मूल घडलेलं ओळीने सांगू शकत नाही, ते खेळून सांगतं. एखाद्या बाहुलीला तो रोज खाटेखाली लपवत असेल आणि एक दिवस दुसरी बाहुली येऊन तिला बाहेर काढत असेल तर त्या दिवशी खूप काही बोलून झालं, फक्त आपल्याला ऐकू आलं नाही. अत्याचार झालेल्या मुलांसाठीची जी पद्धत जगभर सगळ्यात जास्त अभ्यासली गेली आहे, ट्रॉमा फोकस्ड सीबीटी (म्हणजे मनावरच्या आघातावर काम करणारी, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी), तिच्यात घडलेल्याबद्दल थेट बोलणं असतंच, साधारण १२ ते १६ सेशनची आखणी असते, पण तिथेही सुरुवात त्यापासून होत नाही. आधी भावनांना नावं द्यायला, शरीर शांत करायला शिकवतात. आणि त्यात मुलाला सांभाळणाऱ्याची पण बरोबरीने सेशन होतात, तेव्हा तुमची वेगळी भेट होत नसेल तर ती जरूर मागा, तो तुमचा हक्क आहे.

आतलं सगळं सांगावं असं मात्र नाही. मुलगा धोक्यात आहे किंवा दुसऱ्या कोणाला धोका आहे असं काही कळलं तर थेरपिस्ट ते लपवून ठेवू शकत नाही, आणि हे मुलाला पण पहिल्या दिवशी सांगितलेलं असायला हवं. बाकीचं त्याचं आहे. या मुलांच्या शरीरावर, झोपेवर, दारावर कशावरच त्यांची मालकी नव्हती हो, पहिल्यांदाच एक खोली मिळाली आहे जिथलं काय बाहेर जाईल ते त्यांच्या हातात आहे. ती राहू दे. तुम्ही फक्त तिथून आल्यावर दारात उभे असलात, वेळेवर, तरी त्याच्या दृष्टीने खूप झालं.

प्रश्न : नातीला वाईट स्पर्श झाला होता. आता तिला जवळ घेतलं तर चालेल का, की टाळावं? (एक आजी)

आजी, टाळू नका, विचारा. ‘जवळ येतेस?’ म्हणा आणि ती नाही म्हणाली तर हसून ‘बरं’ म्हणा, चेहरा पाडू नका. माझ्या ‘नाही’ला इथे किंमत आहे हे तिला कळणं, हे तिला जवळ घेण्याइतकंच मायेचं आहे. तिच्या शेजारी हातभर अंतर ठेवून बसलात तरी चालेल. ती येईल तेव्हा येईल.

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. वडील लहानपणापासून खूप मारायचे, आता मी त्यांच्यापासून लांब राहते. दोन वर्षं थेरपी चालू आहे. माझी थेरपिस्ट माझ्या परीक्षेची तारीख लक्षात ठेवते आणि ते बघून मला रडू येतं. मग वडिलांची आठवण येते, वाटतं मीच वाईट असणार म्हणून ते तसे वागले, तिला माझं खरं रूप अजून दिसलं नाहीये. आता तीन महिन्यांनी आमची थेरपी संपणार आहे. मग हे सगळं खोटंच होतं ना? खरी काळजी असती तर संपली असती का?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी वडिलांचं. रोनाल्ड फेअरबर्न नावाच्या स्कॉटिश मनोविश्लेषकाने १९४३ मध्ये लिहून ठेवलंय की छळ झालेली मुलं आईवडिलांना वाईट म्हणायला तयार नसतात पण स्वतःला वाईट म्हणायला एका पायावर तयार असतात. त्याचं कारण त्याने दिलं ते मला अजून पटतं. मी वाईट असेन तर निदान आशा आहे, मी चांगली वागले तर मार थांबेल. पण ज्यांच्यावर माझं सगळं अवलंबून आहे तेच वाईट असतील तर लहान मुलाने जायचं कुठे? म्हणून तू स्वतःला वाईट ठरवलंस, तेव्हा तुझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता. त्यांची आठवण येणं, दया येणं, प्रेम वाटणं याने तुझ्यावर जे झालं ते कमी वाईट ठरत नाही, आणि जे झालं त्यामुळे तुझं प्रेम पण खोटं ठरत नाही. मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये अशा छोट्या बाळांचं वर्णन केलं जी आईवडील खोलीत परत आले की त्यांच्याकडे जायला निघतात आणि मधेच थिजतात, किंवा तोंड फिरवून उलटी सरकतात. ज्याची भीती वाटते आणि ज्याच्याकडे धावत जायचं ते एकच माणूस असेल तर शरीर दुसरं करणार काय. थेरपिस्टने तारीख लक्षात ठेवल्यावर तुला रडू येतं ना, मला वाटतं त्यात हेच थोडं आहे, तुला तिच्याकडे जायचंय आणि पळून पण जायचंय.

तिला तुझं खरं रूप दिसलं नाही असं तुला वाटतं. दोन वर्षांत तू एकदाही तिच्यावर चिडली नाहीस? सेशन बुडवलं नाहीस, खोटं बोलली नाहीस, तासभर गप्प बसली नाहीस? तू हे सगळं थोडंफार केलं असणार, आणि तिने ते पाहून सुद्धा पुढच्या आठवड्यात दार उघडलं.

आता संपण्याबद्दल. तुझ्या आयुष्यात आत्तापर्यंत माणसं एकतर टाकून गेली असतील किंवा तुला पळून यावं लागलं असेल. आधी सांगून, तारीख ठरवून, तीन महिने त्यावर बोलत बोलत झालेला निरोप तू कदाचित पाहिलेलाच नाहीस, म्हणून तो तुला आधीच्यासारखाच दिसतोय. पण तीन महिने आधी तुला सांगितलं गेलं यात तुझा विचार केलेला आहे. तुला वाईट वाटणार हे तिला माहीत होतं आणि त्या वाईट वाटण्यासाठी तिने जागा ठेवली. तीन महिने कमी वाटत असतील तर ते पण सांगता येतं, तारीख पुढे नेता येईल का किंवा नंतर एखाददोन वेळा भेटता येईल का हे विचारायचा तुला पूर्ण अधिकार आहे.

एक मात्र ऐक. हे सगळं एवढं जड झालं की जगूच नये असं वाटायला लागलं तर तीन महिने काय, पुढच्या सेशनची पण वाट बघायची नाही, त्याच दिवशी तिला किंवा भरवशाच्या कुठल्याही मोठ्या माणसाला सांगायचं.

नाहीतर, मला जे लिहिलंस तेच तिला वाच. ‘खरी काळजी असती तर संपली असती का’ हे तिच्या डोळ्यांत बघून विचार, आणि डोळ्यांत बघवत नसेल तर हा कागद तिच्या हातात दे आणि तू खिडकीकडे बघत बस. ती काय म्हणाली ते मला कळव.